साहेबांच्या खिशातला पेनड्राइव्ह

द्वारकाबाईंनी नऊ वर्षं दारोदार हिंडून कोष्ट्यांच्या बोलीतले शब्द गोळा केले. ते टंकायचं जुनं सॉफ्टवेअर विंडोजवरच चाले, म्हणून वाचनालयाच्या लिनक्स कॉम्प्युटरच्या पोटात विंडोज बसवलेलं. त्यासाठी त्यांनी अँटिव्हायरस मागितला, तेव्हा अध्यक्ष बापूसाहेब फिस्कारले, "लिनक्सला व्हायरस लागत नाही, बाई! आतलं विंडोज म्हणजे नुसता देखावा."

त्या देखाव्यात व्हायरस शिरला आणि शब्दांची एकूण एक फाइल नासली, नकलेसकट. सांगणारे म्हातारे तर केव्हाच मातीआड गेलेले. आता विचारायचं कुणाला?

भर सभेत बापूसाहेबांनी कागद पुढे सरकवला. "कॉम्प्युटर ठणठणीत आहे, चूक माझीच, असं लिहा आणि सही करा."

"करते की! आधी तुमच्या खिशातला पेनड्राइव्ह त्या विंडोजला लावा, अन् घरी नेऊन स्वतःच्या लॅपटॉपला जोडा."

बापूसाहेबांनी खिसा गच्च धरला. सभेत हशा पिकला. कागद मागे गेला.

द्वारकाबाई हसल्या नाहीत. मागावरच्या धोट्याला म्हाताऱ्यांनी सांगितलेली सात नावं त्या आठवत बसल्या. चारच आठवली.