पहिली पाटी बाळंतिणीची

कोळवाडीच्या पठारावर सगळीकडे सोलरची पॅनेलं आहेत, आणि मधोमध एक काळी जागा. तिथं गवतही उगवत नाही. बघायला येणारे विचारतात, म्हणून सासूबाईंकडून ऐकलेलं लिहिते.

फार पूर्वी इथं कोळशाच्या भट्ट्या होत्या म्हणे. लाकडं रचायची, मातीनं लिंपायची, आत धुमसू द्यायचं. सगळा कोळसा बैलांवर लादून शहरात जायचा. गावात मात्र चुलीला ओली लाकडं. एका थंडीत भट्टी राखणाऱ्या बुधाजीची बायको ठकू बाळंत झाली. पोर गारठून निळं पडलं. तिनं त्याला छातीशी बांधलं आणि भट्टीवर आली.

"पाटीभर निखारे द्या."

"भट्टी पिकली नाही अजून," बुधाजी म्हणाला. "आत्ता तोंड उघडलं तर वारा शिरंल, सगळ्याची राख होईल. ठेकेदार मलाच जाळंल."

"मग पोराला काय ठेकेदाराचं नाव घेऊन शेकू?"

तिनं फावड्यानं लिंपण फोडलं. भट्टी भडकली, सगळी जळून गेली. पोर मात्र शेकलं आणि रडलं. ठेकेदार धावून आला, तेव्हा ठकू तिथंच बसून पाजत होती. ती म्हणाली, "या डोंगराची ऊब खाली जाण्याआधी पहिली पाटी बाळंतिणीच्या घरी उतरंल. तोवर इथं काही उगवायचं नाही." पुढं कोणीच भट्टी लावेना, तेव्हा ठेकेदारानं मान्य केलं, असं सांगतात.

कोळसा संपला. धरण झालं, त्याची वीज आमच्या डोक्यावरून गेली. बायका रिकामी पाटी घेऊन धरणाच्या साहेबाकडे गेल्या. साहेब हसला, "वीज पाटीत कशी घालू?" सासूबाई म्हणाल्या, "ते तुम्ही शिकलाय. आम्ही पाटी आणलीय." मग पवनचक्क्या आल्या, आता सोलर. दर वेळी अर्ज द्या म्हणतात, आणि दर वेळी साहेब बदललेला असतो. माझ्या तान्ह्या लेकीची छाती कफानं भरते. वाफेचं मशीन लावलं की हटकून लाईट जाते, तीही भर उन्हात, समोर पॅनेलं चकाकत असताना.

आजही इथं नवं काही आलं की बाळंतीण पाटी घेऊन फाटकाशी बसते. यंदा मी बसले, लेक मांडीवर आणि वाफेचं मशीन पाटीत घेऊन.

"वहिनी, साहेब मीटिंगला आहेत," वॉचमन म्हणाला.

"असू देत."

लेकीला धाप लागली, तेव्हा मी उठले. वॉचमनच्या केबिनमधल्या पंख्याची पिन काढली आणि मशीनची लावली.

"परवानगी लागते, वहिनी."

मी लेकीच्या तोंडाला मास्क धरला. त्यानं खुर्ची माझ्याकडे सरकवली.