पानभर अध्यक्ष

मुलींच्या वसतिगृहाचा अहवाल संध्याकाळी छपाईला जायचा होता. उद्या देणगीदार येणार, आणि अहवाल त्यांच्या हाती पडला नाही तर गळकं छप्पर तसंच राहणार. पण अध्यक्ष भाऊसाहेब वाघचौरे मुखपृष्ठ मंजूर करतील तर शपथ! मालनबाईंच्या डीटीपीच्या दुकानात ते सकाळपासून खुर्ची अडवून बसले होते.

“बाई, माझा फोटो वाढवा.”

मालनबाईंनी वाढवला. मुखपृष्ठावरच्या, वेण्या घालून नटलेल्या मुली पानाच्या कोपऱ्यात गेल्या.

“अजून वाढवा.”

मुली पानाबाहेरच गेल्या. उरले नुसते भाऊसाहेब.

“वा! आता कसं भारदस्त दिसतंय!”

“दिसतंय की. खाली जन्मतारीख टाकते. दुसरी तारीख कुठली टाकू?”

“दुसरी कसली?”

“अहो, एकट्या माणसाचा एवढा मोठा फोटो माझ्याकडे तेराव्याच्या आदल्या दिवशीच येतो. उद्या पाहुणे अहवाल हातात घेतील आणि आधी दोन मिनिटं शांत उभे राहतील!”

भाऊसाहेबांचा हात आपसूक छातीवर गेला. “मुलींना घ्या, मुलींना! मला मागच्या पानावर टाका. पण हसरा हं!”

“हसराच टाकते,” मालनबाई म्हणाल्या, “जिवंत वाटायला हवेत ना तुम्ही!”