केरबा सासऱ्यांचं काळीज जपतो

एका गावात एक भोळा घरजावई होता. त्याचं नाव केरबा. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. गावाची तक्रार तीच होती.

एकदा त्याच्या सासऱ्यांच्या छातीत दुखू लागलं. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "पंचायतीने तळ्याकाठी बाग केलीय, तिथं रोज चाला. पुढच्या रविवारी बागेत चालण्याची शर्यत आहे. मी येईन, तेव्हा तपासतो. फरक नसला तर शहरात नेऊन छाती उघडावी लागेल."

सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. केरबाची बायको हौसा चुलीपुढे बसून रडली. तिला आई नव्हती. होते ते आबाच.

"अहो, आबांना रोज बागेत न्या," ती म्हणाली. "पण त्यांना दम लागू देऊ नका."

केरबाने सासऱ्यांना शेण वाहायच्या हातगाडीत बसवलं आणि बागेला फेऱ्या मारल्या. केरबाला घाम फुटला. सासऱ्यांना झोप लागली.

हौसाने कपाळावर हात मारला. "बसून कुणाचं काळीज बरं होतंय का? माणूस बसलेला दिसला की उठवायचा अन् चालायला लावायचा."

"बरं," केरबा म्हणाला आणि त्याने उपरण्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सासरे पुढे चालत गेले. मागे वडाखाली म्हातारी मंडळी ध्यानाला बसली होती. केरबाने एकेकाला बखोटीला धरून उठवलं आणि पुढे ढकललं. बिचाऱ्यांचे डोळे मिटलेलेच. कुणी मेंदीच्या कुंपणात गेलं, कुणी कारंज्यात. ध्यान शिकवणाऱ्या बाई कारंज्यातूनच ओरडल्या, "अरे, डोळे मिटून बसलेल्याला उठवू नये! शेजारी गप बसावं, आपणही डोळे मिटावे."

"बरं," केरबा म्हणाला आणि त्याने दुसरी गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी बागेचा राखणदार फाटकाशी बाकावर बसून घोरत होता. फाटक उघडं. पाटलांच्या शेळ्या आत शिरून गुलाब खात होत्या. केरबाने शेळ्या पाहिल्या. मग राखणदाराचे मिटलेले डोळे पाहिले. तो शेजारी बसला आणि त्यानेही डोळे मिटले. माळी आला तेव्हा गुलाबाचे नुसते काटे उरले होते. शेळ्या तळ्यावर पाणी प्यायला गेल्या होत्या.

माळी म्हणाला, "देवमाणसा, बागेत कळप शिरला तर काठी घ्यायची, हुर्र म्हणायचं, पार वेशीबाहेर घालवायचं!"

"बरं," केरबा म्हणाला. तिसरी गाठ.

रविवार उजाडला. सासऱ्यांचा चेहरा पडलेला. हौसा देवापुढे दिवा लावून बागेत आली. डॉक्टर आले, सरपंच आले. सरपंचांनी शिट्टी फुंकली आणि सगळा गाव फाटकातून आत शिरला.

केरबाने गाठी चाचपल्या. कळप केवढा मोठा होता!

"हुर्र!" तो काठी उगारून धावला. डॉक्टर पळाले, सरपंच पळाले, ध्यानाच्या बाई पळाल्या. माळीही पळाला, आणि पळता पळता स्वतःलाच शिव्या देत होता. सगळ्यांच्या पुढे सासरे. त्यांना जावयाची सवय होती. वेशीबाहेर पोचेपर्यंत केरबाने कुणाला थांबू दिलं नाही.

हौसा हातगाडी घेऊन मागून धावत आली. आबांना गाडीत घालूनच न्यावं लागणार, असं तिला वाटलं होतं. आबा चिंचेखाली उभे होते. चेहऱ्यावर तजेला होता, आणि ते भाकरी मागत होते. डॉक्टरांनी धापा टाकत त्यांची नाडी पाहिली, छातीला नळी लावली, पुन्हा लावली.

"ठणठणीत," डॉक्टर म्हणाले. "शहरात न्यायला नको."

हौसाने पदरात तोंड लपवलं आणि ती रडली. सासऱ्यांनी जावयाच्या पाठीवरून हात फिरवला. आयुष्यात पहिल्यांदाच केरबाचं कौतुक झालं.

"पण मला काही बरं वाटत नाही," डॉक्टर छातीवर हात ठेवून म्हणाले आणि हळूच हातगाडीत बसले. "केरबा, मला दवाखान्यात पोचव रे."

केरबाने उपरण्याची पहिली गाठ चाचपली. मग डॉक्टरांना बखोटीला धरून खाली उतरवलं.

"बसून कुणाचं काळीज बरं होतंय का, डॉक्टर?" तो मायेने म्हणाला आणि त्याने काठी उचलली. "हुर्र!"