निंबगडच्या दारातली झडती

हे निंबगड छावणीतलं फ्रीमेसन लोकांचं, म्हणजे एका गुप्त बंधुसंघाचं, लॉज; त्यांची सभा भरायची जागा. इतर लॉजांत सभेला बसताना कुणी कमरेचा मानाचा ॲप्रन कोटावर बांधतो, कुणी कोटाखाली. पण ॲप्रन म्हणजे सभासदाची अब्रू, त्याला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हे सगळीकडे सारखंच. इथं मात्र दरवान प्रत्येकाचा ॲप्रन स्वतः उचलून बघतो. हसू नका मंडळी, त्यापायी मुडदे पडलेत.

गोऱ्यांच्या अमदानीत इथं गेनू साबळे दरवान होता, असं सांगतात. पलटणीतून निवृत्त झालेला गडी. नंगी तलवार घेऊन दारात उभं राहायचं आणि हत्यार आत जाऊ द्यायचं नाही, ही त्याची शपथ. लॉजचे प्रमुख मेहेरवानजी शेठ. पटकीच्या साथीत गेनूची बायको त्यांनीच वाचवलेली, त्यामुळे तो त्यांच्यासाठी जीव टाकायचा.

लॉजचाच सभासद असलेल्या कप्तान ग्रिफिननं आपले घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराला चाबकानं फोडून ठार मारलं. शेठजींनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि ते कोर्टात साक्ष देणार होते. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी कप्तान सभेला आला. त्याचा ॲप्रन पोटाशी फुगलेला होता म्हणे. गेनूनं हात पुढं केला.

"मला हात लावतोस?" कप्तान गुरकावला.

रीत आडवी आली. गेनूनं हात मागं घेतला आणि तो हरामखोर आत गेला!

मग किंकाळी उठली. गेनू धावला, तर सुरा शेठजींच्या पोटात मुठीपर्यंत गेलेला, आणि कप्तान तो पिळत होता. अडवायला गेलेल्या एकाची बोटं फरशीवर पडली होती. गेनूनं पहिल्या घावात कप्तानाचं मनगट तोडलं, दुसऱ्यात मान. भिंतीपर्यंत चिळकांडी उडाली. मग त्यानं शेठजींचं डोकं मांडीवर घेतलं.

"गेनू, तुला दिसलं होतं काय रे?"

"दिसलं होतं, शेठ."

तेवढं ऐकून शेठजींनी डोळे मिटले. तसेच गेले.

गोऱ्याला मारला म्हणून गेनूला फाशी झाली. फासाखाली तो म्हणाला, "कप्तानाला कापल्याचं मला काडीचं दुःख नाही. हात मागं घेतला, त्याचं आहे."

आजही जज्ज येवो की जनरल, झडतीवाचून आत पाऊल पडत नाही. नव्या दरवानाचा हात कधी कचरतो. मग त्याचं नाव काहीही असो, दारातला सभासद स्वतःच म्हणतो, "उचल, गेनू."