वापरलेली चकती

"लोखंडसुद्धा दाबाखाली बदलतं ना, बाई? मग मी तर हाडामांसाचा माणूस!"

रेगेबाईंनी मान वर केली नाही. प्रयोगशाळेच्या दारात शार्दूल ओगले उभा होता. त्यांचा जुना विद्यार्थी. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे गावभर सांगत फिरणारा.

आज मात्र त्याचा चेहरा पार उतरला होता.

तो इंजिनिअर होता त्या कारखान्यात टाकी फुटली, दोन माणसं गेली. टाकीची भेग जुनी होती, हे त्याला पहिल्याच दिवशी दिसलं. पण मालकांनी आठवडाभर त्याला असं काही धारेवर धरलं, की शेवटी अहवालात त्याने चूक ऑपरेटर सोपान घायवटची दाखवली. सोपानला अटक झाली. महिन्याच्या आत त्याने कोठडीतच गळफास घेतला.

"मी नोकरी सोडली, बाई. खरं काय ते लिहून दिलं. आता मी पहिल्यासारखा झालोय. मला इथे परत घ्या."



बाईंनी मुठीएवढं यंत्र त्याच्यापुढे सरकवलं.

"लाव."

हात काही विसरले नव्हते. पातळ पोलादी चकती, तिच्या मधोमध केसाएवढं भोक, भोकात लोखंडाचा कण. वरून एक हिरा, खालून एक. तो स्क्रू पिळत गेला. हवेच्या लाखपट दाब... त्याहून जास्त... क्ष-किरणांच्या पडद्यावरच्या रेघा सरकल्या. कणातल्या अणूंनी जुनी मांडणी मोडून दुसरीच धरली होती.

"आता सोड."

त्याने दाब उतरवला. रेघा हळूहळू जुन्या जागी आल्या. शार्दूलला रडूच फुटलं.

"बघा! आलं की नाही परत? दोष दाबाचा, बाई. लोखंडाचा नव्हे!"



डोळे पुसत त्याने यंत्र उघडलं. कण जपून काढून घेतला, आणि चकती सवयीने केराच्या डब्यात टाकली. दर प्रयोगाला नवी चकती, तिथली पद्धतच तशी.

बाई कण्हत वाकल्या. डब्यातून चकती काढली, पदराला पुसली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. मधोमध चेपलेली. भोकाची कड फाटलेली.

"ही का टाकलीस?"

"ही... कणाला सगळ्या बाजूंनी हिनेच धरून ठेवलेलं असतं, बाई. एकदा चेपली की ती काही परत..."

त्याने चकतीवर मूठ मिटली. "सोपान..."

बाईंनी दार उघडलं.

"हिला परत आण. मग ये."