राणोजीची भिंत

"लंब म्हणजे काय? हे तुम्ही मला विचारताय, बुवा?"

विश्वंभरशास्त्री काशीत सात वर्षं गणित शिकून मठात परतला होता. गुरूंचा असला प्रश्न त्याला चांगलाच झोंबला.

"रेषेशी काटकोन करते ती लंब," त्याने सुनावलं. "राणोजीची भिंत लंब नाही. पायथ्याशी जमिनीवर काटकोनाचा गुण्या लावून पाहिला. चार बोटं फट पडते. उद्या पाडायची."

मठ टेकडीच्या उतारावर. स्वयंपाकघराची नवी भिंत राणोजी गवंड्याने बांधलेली. तो खाली मान घालून बसला होता.

"भिंत पाडली तर पुन्यांदा थापी धरायचा न्हाई, बुवा," एवढंच तो म्हणाला.

निरंजनबुवांनी शिष्याकडे पाहिलं. "लंब हा शब्द आला कुठून?"

"ग्रंथातून."

"आणि ग्रंथात कुठून आला?"

उत्तराची वाट न पाहता बुवा गवंड्याकडे वळले.

"राणोजी, भिंत कशाने उभी केलीस?"

"वळंबा सोडूनच की! पर शास्त्रीबुवांच्या पुस्तकाफुडं म्या काय बोलू?"

"शास्त्रीबुवांच्या हातात दे तो. विश्वंभर, चढ वर."

विश्वंभर नाइलाजाने शिडीवर चढला. ओळंब्याची लाकडी चकती त्याने भिंतीच्या माथ्याला टेकवली आणि दोरीचा पितळी गोळा खाली सोडला. गोळा झुलला… पुन्हा झुलला… राणोजीने डोळे मिटून घेतले.

गोळा थांबला. भिंतीला अलगद शिवून. सूतभरही फरक नव्हता.

विश्वंभरची नजर त्या ताणलेल्या दोरीवरून खाली उतरत्या जमिनीवर गेली.

"लोंबतं ते लंब…" तो पुटपुटला. "संस्कृतातला 'लम्ब्' धातू तोंडपाठ होता मला. आणि गुण्या ठेवला कलत्या जमिनीवर!"

राणोजीने डोळे उघडले. "पाडायची का मग?"

"नाही, राणोजीबाबा, नाही! माझं चुकलं. भिंत सरळ आहे."

राणोजीने मोठा श्वास सोडला आणि खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. मग स्वतःशीच हसत त्याने थापी उचलली. विश्वंभरलाही फार हलकं वाटलं. चांगली भिंत आपल्या हातून पडता पडता वाचली होती.

तो खाली उतरून बुवांसमोर उभा राहिला.

"म्हणजे माझी व्याख्या चुकीची होती?"

"व्याख्येला काय झालंय?" बुवा म्हणाले. "तू कुठे उभा होतास?"