कावळिणीचं ऊबदार घरटं

मोबाइलचे टॉवर नुकते उगवू लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका कावळिणीने टॉवरवरच घरटं बांधलं होतं. त्याच्या लहरींनी अंडी नासतात, असं कुणी पाखरू म्हणे. कुणी म्हणे, सगळ्या थापा. विषाची परीक्षा कोण घेणार, म्हणून कावळिणीने बिऱ्हाड हलवलं आणि लांबच्या करंजावर नवं घरटं बांधलं. कुणाचा तरी पळवलेला मोबाइल मात्र तिने सोबत आणला. तो अजून चालू होता आणि अंगाला छान कोमट लागे. अंडी घातल्यावर तिने तो त्यांच्या मधोमध ठेवला.

एकदा ती चरून परतली, तर कोकिळा घरट्यातून निघत होती.

"भामटे! घातलंस ना अंडं?" कावळीण ओरडली.

"नाही घातलं. तो मोबाइल पाहिला आणि पाय मागे घेतला."

"त्याला काय झालं? टॉवर तर मी केव्हाच सोडला. हा घरातलाच आहे!"

"बाधतो की नाही, मला ठाऊक नाही, बाई," कोकिळा म्हणाली. "पण कळेपर्यंत माझं अंडं त्याला चिकटून नको."

ती दुसरं घरटं शोधायला उडून गेली.

कावळीण मान तिरकी करून आत बघत राहिली. कोकिळेने जिथे एकही अंडं ठेवलं नव्हतं, तिथे कावळिणीची स्वतःची चार होती.